चिनी भाषक विद्यार्थ्यांना वरच्या पातळीचे इंग्रजी शब्द कसे शिकवावेत?

तुमचा प्रश्न असा: तुमच्याकडे तीन चिनी भाषक प्रौढ विद्यार्थी ऑनलाइन इंग्रजी शिकतात. तिघांनीही चीनमधल्या विद्यापीठाची इंग्रजीची परीक्षा पार केली आहे, पाठांतरात कुणीच हयगय करत नाही, तरी लिहायला बसले की तेच ते शब्द फिरून येतात आणि एखादा वजनदार शब्द आलाच तर भलत्या जागी येऊन बसतो. त्यांची शब्दसंपत्ती वाढवायला कोणती यादी द्यावी, असं तुम्ही विचारलंत.

कोणतीच देऊ नका. याद्या त्यांच्याकडे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त आहेत. मी नऊ वर्षं सिंगापूरमध्ये संध्याकाळच्या वर्गांना इंग्रजी शिकवते आहे. येणारे बहुतेक जण चीनमधून नोकरीसाठी आलेले असतात: परिचारिका, इंजिनिअर, हिशेबनीस, एक-दोन स्वयंपाकी. पहिली दोन वर्षं मीही याद्याच वाटत होते, म्हणून या बाबतीत जरा ठासून बोलते.

हे लोक कुठून आलेत ते आधी पाहा. चीनमध्ये शाळा संपताना 'गाओखाओ' ही प्रवेशपरीक्षा असते. तिच्यासाठी इंग्रजीचे साधारण ३५०० शब्द तयार करावे लागतात. मग विद्यापीठात सीईटी. आपल्याकडे सीईटी म्हटलं की इंजिनिअरिंगचा प्रवेश डोळ्यांसमोर येतो. तिकडची सीईटी म्हणजे कॉलेज इंग्लिश टेस्ट, १९८७ पासून चालू असलेली. विद्यार्थी तिला नुसतं 'चौथी पातळी' आणि 'सहावी पातळी' म्हणतात. चौथीला साधारण ४५०० शब्द अपेक्षित असतात, सहावीला साडेपाच-सहा हजार. शब्दांची पुस्तकं पुष्कळदा वर्णानुक्रमे लावलेली असतात, त्यामुळे पहिल्याच पानावर 'अबँडन' भेटतो. पुस्तक उघडलं आणि पहिलाच शब्द 'सोडून देणे' निघाला, हे चीनमधल्या बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक असतं.

पाठ करण्याला चिनीत 'बेइ' म्हणतात. त्याच अक्षराचा दुसरा अर्थ शरीराची पाठ. जुन्या शाळेत मूल गुरुजींकडे पाठ करून उभं राही आणि पुस्तक घडाघडा म्हणून दाखवी. आपल्याकडे 'पाठ' हा शब्द दोन्ही अर्थांनी आहे. आपल्या दोन 'पाठ'ची कुळं वेगळी आहेत, एक 'पृष्ठ'पासून आलेला आणि दुसरा 'पठ्'पासून, पण कानाला दोन्ही सारखेच. मी हे वर्गात सांगितलं त्या दिवसापासून ते लोक माझ्याशी मोकळेपणाने बोलायला लागले. तर ही शिस्त त्यांच्या हाडीमाशी मुरलेली आहे. फोनवर रोज शंभर शब्द घोटणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना उजळणीचं महत्त्व समजावण्यात वेळ घालवू नका.

घोटाळा दोन रकान्यांच्या यादीत आहे. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे चिनी अर्थ. उजवीकडची बाजू आठवली की शब्द आला असं वाटतं. स्पॅनिश किंवा फ्रेंच बोलणाऱ्याला इंग्रजीतले लॅटिन वळणाचे लांब शब्द जवळजवळ फुकट मिळतात, कारण ते त्याच्या घरात वेगळ्या वेषात आधीच वावरत असतात. चिनी भाषकाला 'खाफेइ' म्हणजे कॉफी, 'शाफा' म्हणजे सोफा अशा थोड्या शब्दांवर भागवावं लागतं. बाकी प्रत्येक लांब शब्द त्याच्या लेखी निव्वळ आवाजांची माळ. माळ पाठ होते आणि सुटते.

माझे डोळे एका परिचारिकेने उघडले. ती फूच्येन प्रांतातली. वॉर्डमधले शब्द तिने वहीत उतरवले होते: हेपटायटिस, नेफ्रायटिस, गॅस्ट्रायटिस, आर्थ्रायटिस. चारही शब्द तिने वेगवेगळे पाठ केले होते आणि चारही एकमेकांत मिसळत होते. मी विचारलं, तुमच्या भाषेत यांना काय म्हणतात? तिने सांगितलं: गानयेन, शनयेन, वेइयेन, ग्वानज्येयेन. मला तेव्हा चिनी फारसं येत नव्हतं, पण चारही शब्दांचं शेपूट एकच आहे हे ऐकू आलं. 'येन म्हणजे काय?' तिने कागदावर अक्षर काढलं. एका अग्नीवर दुसरा अग्नी. दाह! गान म्हणजे यकृत, शन म्हणजे मूत्रपिंड, वेइ म्हणजे जठर, ग्वानज्ये म्हणजे सांधा. मी तिच्या चारही इंग्रजी शब्दांतल्या शेवटच्या 'आयटिस'खाली रेघ मारली आणि म्हटलं, हा तुमचा येन. हेपार म्हणजे ग्रीकमध्ये यकृत, नेफ्रोस म्हणजे मूत्रपिंड, आर्थ्रॉन म्हणजे सांधा. ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. पुढच्या आठवड्यात तिने स्वतःहून 'एक्टमी' शोधून आणलं: 'छ्येछूशू', कापून काढून टाकण्याची क्रिया. अपेंडेक्टमी, टॉन्सिलेक्टमी, सगळे एका दोरीत ओवलेले.

तिच्या वहीने मला शिकवलं ते तुम्हाला सांगायचं आहे. चिनी भाषक माणूस लहानपणापासून शब्दाच्या पोटात बघायला शिकलेला असतो. त्याच्या भाषेत रेल्वेगाडी म्हणजे अग्निवाहन, टेलिफोन म्हणजे विजेचं बोलणं, संगणक म्हणजे विजेचा मेंदू. शिवाय प्रत्येक अक्षराला 'बूशोउ' असतो, म्हणजे अर्थाचा इशारा देणारा भाग. डावीकडे तीन थेंब दिसले की पाण्याशी संबंध, हे तिकडच्या पहिलीतल्या मुलाला कळतं. १७१६ साली पुऱ्या झालेल्या कांगशी शब्दकोशात सगळी अक्षरं अशा २१४ बूशोउंखाली लावलेली आहेत. इंग्रजी समोर आलं की मात्र हाच माणूस ही सवय दाराबाहेर ठेवून आत येतो, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की इथेही पोट आहे.

म्हणून ग्रीक-लॅटिन धातू शिकवताना 'धातू' किंवा 'रूट' म्हणू नका, बूशोउ म्हणा. 'स्पेक्ट' हा बघण्याचा बूशोउ. 'प्रॉस्पेक्ट' म्हणजे पुढे बघणं. चिनीत 'छ्येनजिंग', पुढचा देखावा. 'रेट्रोस्पेक्ट' म्हणजे वळून बघणं. चिनीत 'ह्वेइगू', तेही वळून बघणंच. आणि आपलं सिंहावलोकन! 'इंट्रोस्पेक्शन' म्हणजे आत बघणं, 'नेइशिंग'. हिप्पोपोटॅमस या शब्दाने तर वर्गात नेहमीच आनंद होतो. हिप्पोस म्हणजे घोडा, पोटामोस म्हणजे नदी. चिनीत 'हमा', नदीचा घोडा. मराठीत पाणघोडा. तिथून मेसोपोटेमियाला जाता येतं, मधली भूमी, दोन नद्यांमधली; चिनी इतिहासाच्या पुस्तकातही त्या प्रदेशाला 'दोन नद्यांचं खोरं' म्हणतात. एका तासात दहा शब्द पुरेत, पण दहाही असे उघडून.

इथे मराठी शिक्षकाला एक फायदा आहे, तो वापरा. आपणही दूरध्वनी, जीवशास्त्र, यकृतदाह असे शब्द जोडून घडवलेल्या भाषेत शाळा शिकलो. इंग्रज शिक्षकाला 'हेपटायटिस' हा अखंड शब्द वाटतो. आपल्याला सांधा दिसतो.

एक सावधगिरी. पोट उघडायची चटक लागली की माणूस नको तिथेही उघडतो. माझ्या एका विद्यार्थ्याने साहेबांना लिहायच्या पत्रात 'इनव्हॅल्युएबल' टाळला, कारण 'इन' म्हणजे नाही आणि 'व्हॅल्युएबल' म्हणजे मौल्यवान, तेव्हा हा अपमान ठरेल असं त्याला वाटलं. मी त्याला आपला 'अमूल्य' सांगितला: 'अ' म्हणजे नाही, मूल्य म्हणजे किंमत, आणि तरी अर्थ किंमत करताच येणार नाही असा. तो लगेच म्हणाला, आमचंही 'वूज्या' तसंच. बूशोउने अंदाज बांधायचा आणि वाक्यात घालून खात्री करायची, एवढं पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

आता दुसरी बाजू, आणि माझ्या मते जास्त अवघड. लांब शब्द उघडता येतात. छोटे उघडता येत नाहीत. चिनी विद्यार्थी 'पोस्टपोन' सहज वापरतो, 'पुट ऑफ' टाळतो. 'टॉलरेट' लिहितो, 'पुट अप विथ' कधीच लिहीत नाही. त्यामुळे त्याचं इंग्रजी बोलताना सरकारी परिपत्रकासारखं ऐकू येतं. अशा माणसासाठी वरची पातळी म्हणजे छोटे शब्द. यालाही चिनीत दार आहे. 'ईट अप'मधला 'अप' घ्या. चिनीत 'छ्रग्वांग', खाल्लं आणि काही उरलं नाही. 'ड्रिंक अप' म्हणजे 'हग्वांग'. 'यूज अप' म्हणजे 'युंगवान', वापरून संपवलं. आपल्याकडे खाऊन टाकणे, पिऊन टाकणे. क्रिया झाली आणि तड लागली, हे इंग्रजी छोट्या शब्दाने सांगतं, चिनी मागे एक अक्षर जोडून सांगते, आपण 'टाकणे' लावून सांगतो. असे दहा-बारा 'अप', आठ-दहा 'ऑफ' करून घ्या.

मग शब्दांची सोबत. हा सगळ्यात मोठा भाग आहे आणि तुमचे विद्यार्थी 'भलत्या जागी' चुकतात ते बहुतेक इथेच. मुसळधार पावसाला चिनीत मोठा पाऊस म्हणतात, म्हणून ते 'बिग रेन' लिहितात. इंग्रजी पाऊस 'हेवी' असतो. आपला चहा कडक, इंग्रजांचा 'स्ट्राँग', चिन्यांचा 'नुंग', म्हणजे दाट. तिघांपैकी कुणाचंच तर्काने सिद्ध करता येत नाही. किंवा 'खाय' हे क्रियापद बघा. मूळ अर्थ उघडणे. पण दिवा खाय, गाडी खाय, सभा खाय, कंपनी खाय, डॉक्टर औषधं लिहून देतो तेही खाय, फूल उमलतं तेही खाय. इंग्रजीत प्रत्येक ठिकाणी वेगळं क्रियापद लागतं, म्हणून 'ओपन द लाइट' इतकं ऐकू येतं. ती चूक बावळटपणाची वाटत असेल तर आपला 'लावणे' आठवा: दिवा लावतो, झाड लावतो, दार लावतो, शिस्त लावतो, टीव्ही लावतो. मराठी शिकणाऱ्याला 'लावणे'चा एकच अर्थ यादीत दिला तर त्याचं काय होईल, ते चिनी विद्यार्थ्याचं इंग्रजीत होतं.

याचंच भावंड म्हणजे उजव्या रकान्यातला एकच अर्थ. 'अफेक्ट', 'इफेक्ट', 'इन्फ्लुअन्स', 'इम्पॅक्ट' या चारही शब्दांसमोर त्यांच्या वहीत 'यिंगश्यांग' लिहिलेलं असतं. 'बॉरो' आणि 'लेंड' दोन्हींसमोर 'ज्ये', जसं आपलं उसनं घेणं आणि उसनं देणं. 'छंगगुंग' हा एकच शब्द यश, यशस्वी आणि यशस्वी होणे या तिन्ही कामांना चालतो, त्यामुळे 'आय अ‍ॅम व्हेरी सक्सेस'. ज्या भाषेत शब्दाचं रूपच बदलत नाही तिथल्या माणसाला नाम-विशेषण-क्रियापद असा संसार मुद्दाम दाखवावा लागतो. न्यूझीलंडच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातले पॉल नेशन यांनी २००६ साली हिशेब मांडला होता की कादंबरी किंवा वर्तमानपत्र मदतीशिवाय वाचायचं तर ८००० ते ९००० शब्दकुटुंबं, म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून झालेली त्याची रूपं, ओळखीची हवीत. कुटुंबं, सुटे शब्द नव्हेत. तुमच्या विद्यार्थ्यांपाशी प्रत्येक घरातला एकच माणूस ओळखीचा आहे. नवीन घर शोधण्याआधी त्याच घरातले बाकीचे लोक भेटवा.

हे सगळं अंगवळणी पडायला मी जो सराव करून घेते तो असा. इंग्रजीतला आठ-दहा ओळींचा साधा, चांगला परिच्छेद घ्यायचा. विद्यार्थ्याने तो स्वतः चिनीत उतरवायचा. मूळ कागद बंद करून तीन दिवस ठेवायचा. मग फक्त आपल्या चिनी मजकुरावरून तो पुन्हा इंग्रजीत लिहायचा आणि मूळ काढून शेजारी ठेवायचा. चीनमध्येही ही पद्धत माहीत आहे, पण एकट्याने करायचा कंटाळा येतो; तुम्ही बरोबर बसा. तीन दिवसांनंतर शब्द आठवत नाहीत, अर्थ आठवतो, आणि अर्थावरून हात जे लिहितो ते त्याचं खरं इंग्रजी असतं. एका इंजिनिअरने मूळ 'द प्लॅन फेल थ्रू' (बेत बारगळला; हा 'फेल' म्हणजे 'फॉल'चा भूतकाळ) याच्या जागी 'द प्लॅन वॉज नॉट सक्सेसफुल' लिहिलं. 'फेल' आणि 'थ्रू' दोन्ही त्याला शाळेपासून येत होते. लाल शाईची गरज पडली नाही. त्यानेच दोन्ही वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली. अशा फरकांची वही करायला सांगा. त्या वहीत एकटा शब्द लिहायला मनाई, सोबतीसकट लिहायचा. आठवड्याला दोन परिच्छेद पुरे. माझ्या अनुभवात तीन-चार महिन्यांत लिखाण बदललेलं दिसतं, त्याआधी दिसत नाही, तेव्हा त्यांना आणि स्वतःलाही धीर द्या.

शब्दाचा दर्जा, म्हणजे तो घरातला की कचेरीतला, हेही यादी सांगत नाही. एका विद्यार्थ्याने रजेची चौकशी करताना लिहिलं होतं की मला तुम्हाला 'इंटरॉगेट' करायचं आहे. त्याच्या पुस्तकात त्या शब्दासमोर 'विचारणे' होतं. मी फळ्यावर तीन ओळी काढल्या. 'आस्क', 'क्वेश्चन', 'इंटरॉगेट'. पहिला जुन्या इंग्रजीतला, दुसरा १०६६ नंतर नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमधून आलेला, तिसरा सरळ लॅटिन. शेजारी त्याच्याकडूनच चिनी लिहून घेतले: 'वन', 'श्युनवन', 'शनवन'. एका अक्षराचा बोलण्यातला, दोन अक्षरांचा लिहिण्यातला, आणि पोलीस करतात तो. मराठीत विचारणे, पृच्छा करणे, उलटतपासणी घेणे. बोलीला चिनीत 'खोउयू' म्हणतात, लेखी भाषेला 'शूम्येनयू', आणि हा भेद ते आपल्या भाषेत कधी चुकत नाहीत. वहीत प्रत्येक शब्दापुढे यातला एक शिक्का मारायला लावा.

कानाचं थोडक्यात सांगते. वाचता येतं पण बोलता-ऐकता येत नाही, अशा इंग्रजीला चीनमध्ये 'याबा यिंगयू' म्हणतात, मुकं इंग्रजी. लांब शब्दांत जोर कुठे पडतो हे कळलं नाही तर ओळखीचा शब्दही ऐकू येत नाही. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अवयवावर (अवयव म्हणजे शब्दाचा एका दमात उच्चारला जाणारा तुकडा), 'फोटोग्राफी'त दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. त्यांच्या भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो, त्यामुळे कान तयार असतो. वहीत जोराच्या अवयवावर सुराची खूण करतात तशी खूण करायला सांगा. आपण मराठी माणसंही इथे कच्ची असतो, तेव्हा तुम्हीही शब्दकोशातला उच्चार ऐकून जा.

म्हणी-वाक्प्रचारांची घाई नको, पण गप्पांसाठी त्यांच्यासारखं साधन नाही. चार अक्षरी 'छंगयू' त्यांना शेकड्याने येतात. 'बैलापुढे वीणा वाजवणे' ऐकलं की तुम्ही 'गाढवापुढे वाचली गीता' सांगा. 'गावात शिरावं तर गावाची रीत धरावी' याला आपलं 'देश तसा वेश'. 'विहिरीतला बेडूक' दोघांकडे आहे. मग इंग्रजीत यासाठी काय म्हणतात ते मिळून शोधा. शब्दशः उतरवलेली छंगयू निबंधात मात्र येऊ देऊ नका.

तिघांपैकी कुणाला परदेशी विद्यापीठात प्रबंध लिहायचा असेल, तर त्या एकालाच यादी द्या: अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली केलेली शैक्षणिक शब्दांची, ५७० शब्दकुटुंबांची. विद्यापीठीय लिखाणातले साधारण दहा टक्के शब्द त्यातले असतात. तीही वर्णानुक्रमे नको. त्याच्या विषयाचा एक लेख घ्या, त्यात यादीतले शब्द रंगवा आणि त्या वाक्यांपासून सुरुवात करा.

पहिल्या तासाला तिघांना आपापल्या कामातले दहा-दहा अवघड इंग्रजी शब्द घेऊन यायला सांगा आणि प्रत्येकाला चिनीत काय म्हणतात, त्यातल्या एकेका अक्षराचा अर्थ काय, हे विचारा. तुम्हाला चिनी येत नाही ते बरंच आहे, समजावून सांगताना शब्द तेच उघडतील. तुम्ही फक्त कुठल्या दोन शब्दांचं शेपूट सारखं आहे तेवढं ऐका. आणि कुणी दवाखान्यात काम करत असेल तर 'येन'पासून सुरू करा.